मोपेडचा जोर

आमच्या घरात त्या हिवाळ्यात दोनच आवाजांना किंमत होती. एक रेडिओवरच्या बातम्यांचा, आणि दुसरा आईच्या मोपेडचा. बातम्या लागल्या की आम्ही गप्प बसायचो, आणि बातम्या संपल्या की पुन्हा गप्प बसायचो, कारण मोपेड यायची असायची. कोपऱ्यावर वळताना ती आधी खोकायची, मग फट्‌फट्‌ करत गल्लीत शिरायची. तो खोकला ऐकू आला की बाबा हातातली पाण्याची झारी खाली ठेवायचे. झारी त्यांच्या हातात का असायची, तर रोज संध्याकाळी ते फाटकाजवळच्या गुलाबांना पाणी घालायला उभे राहायचे. थंडीत, धुकं पडत असताना! एकाच आळ्यात इतकं पाणी जायचं की शेजारच्या सोढी आंटी म्हणायच्या, "डॉक्टर साब, गुलाब हैं जी, धान नहीं."

बाबा औषधाचे डॉक्टर नव्हते. सेक्टर एकोणचाळीसकडच्या एका सरकारी संशोधन संस्थेत ते शास्त्रज्ञ होते, पण पंजाबात डॉक्टर म्हटल्यावर सगळे सारखेच, त्यामुळे लोक त्यांना पोटदुखीही सांगायचे. ते अकोल्याचे, आई कोल्हापूरची. दोघांचं मराठी एका घरात नांदायचं, पण एका ताटात जेवायचं नाही. बाबा "काऊन उशीर झाला?" म्हणायचे आणि आई "झाला की, त्यात काय एवढं" म्हणायची. मी तिसरीच, दोघांनाही हिंदीत उत्तर द्यायचे. "माँ, भूख लगी है यार" असं मी आईला म्हणायचे आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची. आज मी नातवाला मराठीत रागावते आणि तो मला इंग्रजीत उलट बोलतो, तेव्हा आईची फार आठवण येते.

आई गणित शिकवायची. मुल्लानपूरच्या बाजूला एका गावात मुलींची शाळा होती, तिथे. आता तिकडे म्हणे उंच इमारती झाल्यात. माझ्या आठवणीतलं मुल्लानपूर म्हणजे ऊस, गहू, मोहरी आणि गुऱ्हाळाचा वास. आई येताना कधीकधी कागदात बांधलेला गरम गूळ आणायची. आम्ही तो मक्याच्या भाकरीबरोबर खायचो. ज्वारी तिकडे मिळत नव्हती, म्हणून आईने मक्याला ज्वारीचं काम लावलं होतं. वर लसणाचा ठेचा. सोढी आंटींनी तो एकदा चटणी समजून चमचाभर खाल्ला आणि मग आमच्या ओट्यावर बसून वाहेगुरूचं नाव घेत पाणी पीत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र वाटी घेऊन परत आल्या.

आधी आई शाळेला बसने जायची. मग दिवस बिघडले, अतिरेक्यांच्या गोळीबाराच्या बातम्या रोजच्या झाल्या. संध्याकाळची बस बंद झाली, रस्त्यावर पोलिसांचे नाके आले, स्कूटरवर मागे पुरुष बसवायला बंदी झाली. सोढी अंकल पगडीवाले, बँकेत नोकरी करणारे, मुंगीलाही न दुखवणारे. त्यांना नाक्यावर रोज थांबवून डबा उघडायला लावायचे. आमच्या आईला मात्र कुंकू आणि साडी बघून "जाओ जी, जाओ" म्हणायचे. अंकल यावर हसायचे. आंटी हसायच्या नाहीत. अशा दिवसांत बायकोने उसाच्या शेतांमधून एकटीने यावं हे बाबांना मुळीच पटत नव्हतं. आईने मोपेड घेतली ती याच भांडणातून. मोपेड म्हणजे काय, तर पॅडल असलेली जाड सायकल आणि तिला जोडलेलं एवढंसं टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं आणि चालवायचं. चढ आला की इंजिनाला पॅडल मारून हात द्यायचा.

आणि चढ होता. वाटेत एक बरसाती नाला लागायचा. तिकडे त्याला चो म्हणतात. पाऊस नसला की नुसती वाळू. रस्ता त्यात उतरायचा आणि पलीकडे चढायचा, आणि नेमका त्या चढाच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस. बाबांच्या डोळ्यांसमोर ते एकच चित्र असायचं. चढावर दम तोडणारी मोपेड, पॅडल मारणारी आई, आणि उसात काय असेल ते देवाला माहीत. एक दिवस अंधार पडल्यावर आई आली, तेव्हा ते तिला ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हे पहा. ही गाडी तुले अंधाराआधी घरी आणत असेल तर नोकरी कर. नसेल आणत तर सोड. मले हे रोजचं सहन होऊन नाही राहिलं."

आईने नोकरी सोडणं म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं. कोल्हापुरात तिने वडिलांशी भांडून गणित घेतलं होतं. लग्नानंतर बाबांच्या बदल्यांमागे फिरताना तिच्या तीन नोकऱ्या सुटल्या होत्या. ही शाळा तिने स्वतः शोधली होती. त्या रात्री तिने ठेचा नेहमीपेक्षा जास्त जोरात कुटला.

मग आमचे रविवार सुरू झाले. व्हरांड्यात जुने पेपर अंथरायचे आणि त्यावर मोपेडचं पोट उघडायचं. बाबांनी हे काम प्रयोगशाळेतल्यासारखं हाती घेतलं. इंजिन लहान आहे, त्यातून जास्त जोर काढायचा, तर त्याला श्वास नीट घेता आला पाहिजे आणि नीट सोडताही आला पाहिजे, हा त्यांचा पहिला धडा. त्यांनी हवेची जाळी धुतली. कार्बोरेटरमधला जेट बदलला. धूर बाहेर पडायचं तोंड बारीक कानशीने घासून गुळगुळीत केलं, तासन्‌तास, जीभ दातांत धरून. मी टॉर्च धरायचे. सायलेन्सरमध्ये काजळी साठली होती, ती काढायला कॉस्टिक सोडा आणला आणि तो आईच्या मोठ्या पातेल्यात कालवला. आईने पातेलं ओळखलं आणि जी काय बोलली! "माझ्या पुरणाच्या पातेल्यात गाडी शिजवता होय? लाज नाही वाटत?" बाबा म्हणाले, "अवं, नवीन आणतो ना." सोढी आंटी विणकाम घेऊन उन्हात बसलेल्या, त्यांना मराठी कळत नव्हतं पण भांडण कळत होतं. त्या मला म्हणाल्या, "तेरी मम्मी ठीक कह रही है."

पण गाडी सुधारली. अहो, काय सुधारली! बाबा सेक्टरच्या रिकाम्या रस्त्यावर चाचणीला गेले तेव्हा त्यांचं मफलर मागे उडत होतं. परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी, थंडीने की आनंदाने कोण जाणे. "भन्नाट पळते," म्हणाले. "आता तू सूर्य वर असताना घरी." आईने मान हलवली आणि म्हणाली, "छान झालं की."

आणि सोमवारी ती नेहमीच्याच वेळेला आली. मंगळवारीही. त्याच अंधारात, त्याच खोकल्यासह. बाबा चक्रावले. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा उघडली तर आत परत काजळी. आणि नुसती काजळी नाही, ओली, तेलकट, चिकट. प्लग काळाकुट्ट. बाबांनी तो आईच्या नाकासमोर धरला. "तू पेट्रोलमध्ये ऑईल जास्त टाकून राहिली का?"

आई पोळ्या लाटत होती. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो. घालते मी जरा सढळ हाताने. आमच्याकडं तेलाला हात आखडता घेत नाहीत. यंत्रच ते, कोरडं पडलं तर?"

"अवं, ते वांगं आहे काय भरलेलं? तर्री पाहिजे म्हणून तेल ओतते?" बाबा कपाळ धरून खाली बसले. मी इतकी हसले की मला ठसका लागला. त्या दिवसापासून ऑईल बाबांच्या ताब्यात गेलं. संस्थेतून आणलेल्या खुणांच्या काचेच्या नळकांड्यात ते थेंब मोजून घालायचे आणि डबा कपाटात कुलूप लावून ठेवायचे. आई मुकाट बघायची. माझ्या आईने मुकाट बघणं ही गोष्ट खरं तर संशय घेण्याजोगी होती, पण बापलेकींपैकी कुणालाच तेव्हा तो आला नाही.

तरीही पुढचे रविवार तसेच गेले. बाबा घासायचे, गाडी पळायची, आई उशिरा यायची, प्लग ओला निघायचा. नोकरीचा विषय आता जेवताना रोज निघायला लागला. नाताळच्या सुट्टीपर्यंत बघू, असं बाबांनी बजावलं. आई नीट जेवत नव्हती. एका रविवारी मात्र बाबा प्लग हातात घेऊन खूप वेळ बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हवा बरोबर. ऑईल बरोबर. तरी आत ओलं. म्हणजे इंजिन तापतच नाही. जे इंजिन पळतं ते आपली काजळी आपणच जाळतं. पोट्टे, ही गाडी पळतच नाही गं. ही गाडी चालते. माणसाच्या पावलानं चालते."

ते उठले आणि हात धुवायला गेले. साबण लावत होते, लावतच होते. आईला त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने पुन्हा तेलाचं काहीतरी सांगितलं असतं, हे त्यांना कळलं असावं.

शनिवारी माझी शाळा लवकर सुटायची. बाबांनी सोढी अंकलची स्कूटर मागितली आणि मला मागे बसवलं. नाक्यावर शिपायाने विचारलं, "कित्थे चल्ले जी?" बाबा म्हणाले, "घरवाली को देखने." शिपाई हसला. बाबा हसले नाहीत. मला मात्र त्यांच्या पाठीमागे भीती वाटत होती, आणि ती उसाची नव्हती. आईचं काय निघणार, याची होती. मोठं होत असताना आपल्या आईचंही काही गुपित असू शकतं, हे कळायची एक वेळ येते. ती वेळ मला त्या स्कूटरवर आली.

चो आला. बाबांनी चढाच्या वरच स्कूटर थांबवली. खाली वाळूत वरात चालली होती. मधोमध मोपेड, फट... फट... करत, आता बंद पडते की मग अशी. तिच्यावर आई, पदर खोचलेला, दोन्ही पाय जमिनीला घासत. हँडलला दप्तरं, कॅरिअरवर दप्तरं, आईच्या गळ्यात कुणाचीतरी पाण्याची बाटली. आणि भोवती मुली. सलवार-कमीज, लाल रिबिनींच्या वेण्या, कुणी आईच्या डावीकडे, कुणी उजवीकडे, एक बारकी आईच्या पदराचं टोक धरून. चढ सुरू झाला तशी मोपेड गुदमरली, आणि त्या सगळ्या मागे धावल्या, हात लावले आणि एका सुरात ओरडल्या, "जोर लावा गं बायांनो!"

मराठीत! पंजाबी मुली, अस्सल कोल्हापुरी मराठीत! मी घरात एक अख्खं वाक्य मराठीत बोलत नव्हते, आणि इथे ह्या उसाच्या रानात माझी आईच जणू दहा तोंडांनी ओरडत होती. मला हसूही आलं आणि हेवाही वाटला.

आईने मान वर करून आम्हांला बघितलं. तिचा चेहरा पडला. मुली थांबल्या. बाबांनी फक्त स्कूटर वळवली आणि आम्ही आईच्या आधी घरी आलो.

घरी जे झालं ते भांडणच होतं. त्यातून कळलं ते असं. चोच्या अलीकडे, शहराच्या बाजूला एक वस्ती होती. तिथल्या मुली त्याच बसने शाळेला यायच्या. सकाळची बस चालू होती, संध्याकाळची बंद झाली. वस्तीतले म्हातारे शाळेत आले आणि म्हणाले, आता नाही पाठवणार. तेव्हा आई उठून म्हणाली होती, मी आणीन ह्यांना घरापर्यंत. म्हणून रोज शाळा सुटल्यावर ती त्यांच्या चालीने मोपेड चालवायची, वस्तीपर्यंत, आणि तिथून पुढे शहराच्या रस्त्याला काय पळवेल ते.

"आणि मले सांगितलं नाही," बाबा म्हणाले.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतंत."

"बसवलं असतंच! उसातून पायी चालते तू! त्या पोरींना तू घरी आणते, अन्‌ तुले कोण आणते?"

"त्याच आणतात की मला," आई म्हणाली. "चढावर." आणि मग ती रडली. आम्ही तिला रडताना फारसं पाहिलं नव्हतं. "भीती मलाही वाटते हो. पण मी सोडलं की त्या सगळ्या दुसऱ्या दिवशी घरी. एकीचं तर लग्नच ठरवायला बसलेत. सुटते ती नुसती माझी नोकरी नाही, कळतंय का तुम्हांला?"

बाबा म्हणाले, "सोमवारी मी येतो तिथं. काय ते बोलतो." आणि जेवणावरून उठले. आईने ताट तसंच झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी पेपर अंथरले गेले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला वाटलं, गाडी आता मोडूनच टाकतायत. मलाही वाटलं. बाबांनी मागचं चाक काढलं, त्याच्यावरचं दातेरी चक्र काढलं आणि ते पिशवीत घालून मनीमाजऱ्याच्या बाजाराला निघून गेले. दुपारी परत आले ते थाळीएवढं मोठं चक्र आणि लांब चेन घेऊन. मी टॉर्च धरली. "बाबा, इससे तेज़ चलेगी?" मी विचारलं.

"नाही. हळू चालेल," ते म्हणाले. "मागचं चक्र मोठं केलं की पळणं कमी अन्‌ ओढणं जास्त. जोर जोर म्हणून मी इतके दिवस वेग काढत बसलो, पोट्टे. तिले ओढ पाहिजे होती." हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. आतून भांड्याचा आवाज आला नाही, म्हणजे तिने ऐकलं.

तरी सोमवारचं काय, हे आम्हां दोघींना माहीत नव्हतंच. चक्र बदललं म्हणजे परवानगी दिली असं माझ्या बाबांच्या बाबतीत धरून चालता यायचं नाही. सोमवारी दुपारी ते पुन्हा सोढी अंकलची स्कूटर घेऊन मला शाळेतून घ्यायला आले. "एकटा गेलो तर तुझ्या आईले वाटेल भांडाले आलो," म्हणाले. वाटेत एकदाच बोलले. "भीती वाटते मले. अजूनही वाटते."

चढाच्या वर आम्ही थांबलो तेव्हा तिथे आणखी एकजण उभा होता. जाड सुती खेस पांघरलेला, पांढऱ्या दाढीचा, हातात काठी. त्या बारकीचा आजोबा. शनिवारी बहनजींचा नवरा येऊन बघून गेला ही बातमी मुलींनी घरी नेली होती, म्हणून तो आला होता. खालून वरात आली. चढाला मुली सवयीने मागे धावल्या, हात पुढे केले, आणि मोपेड त्यांच्या हातांची वाट न बघता आपापली चढायला लागली. हळू, अगदी हळू, बैलासारखी, सगळी दप्तरं घेऊन. मुलींचे हात तसेच पुढे. मग त्या खिदळत मागे धावल्या आणि गरज नसताना ओरडल्या, "जोर लावा गं बायांनो!" आई वर पोचली, बाबांना बघितलं आणि तिने ब्रेक दाबला.

म्हातारा पुढे आला. आधी आईकडे बघितलं, मग बाबांकडे. भांडायच्या स्वरात नाही, अगदी थकल्यासारखा म्हणाला, "लै चल्ले ओ बहनजी नूं?" घेऊन चाललात का यांना?

बाबांना पंजाबी येत नव्हतं. पण हे त्यांना कळलं. त्यांनी गळ्यातलं मफलर उगाच सैल केलं, परत बांधलं. आई हँडल घट्ट धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते, ती काय म्हणत होती मला ऐकू आलं नाही.

"नहीं जी," बाबा म्हणाले. "लेने नहीं आया. मैं भी रोज़ इनके साथ पैदल चलूँगा."

म्हाताऱ्याने काठी काखेत धरून हात जोडले. आईने पदराने नाक पुसलं. आणि आम्ही निघालो. पुढे मोपेड, बाजूला मुली, मागे बाबा आणि मी, बंद स्कूटर ढकलत. जरा चाललो असू, तेवढ्यात ती बारकी मागे वळली, मोपेडवरचं आपलं दप्तर काढलं आणि बाबांना काहीही न विचारता त्यांच्या गळ्यात अडकवलं.